विजेच्या खांबांवरून फायबर : परवानगीची रीत आणि तिच्यामागचे तत्त्व

महाराष्ट्रातील कोणत्याही गावाकडे जाऊ लागले, की वेशीच्याही आधी विजेचा खांब दृष्टीस पडतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतरच्या काही दशकांत हे खांब डोंगरवाड्यांपर्यंत आणि शेतातल्या विहिरींपर्यंत पोहोचले. पुढे २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले आणि हे खांबही तिच्या मालकीचे झाले. आज त्याच खांबांकडे एका नव्या गरजेच्या दृष्टीने पाहिले जात आहे. ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळा, आरोग्य केंद्र आणि घरे यांना इंटरनेटने जोडणारी फायबर केबल याच खांबांच्या आधाराने नेता येईल काय, हा तो प्रश्न होय.

तांत्रिक दृष्ट्या या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु खांब उभा आहे म्हणून त्याला कोणीही कोणतीही तार बांधावी, असे होऊ शकत नाही. ज्याची तार त्याचा तो खांब नसतो. ज्याचा खांब त्याची ती जमीन असतेच असे नाही. आणि रात्री-अपरात्री त्या खांबावर चढणारा कर्मचारी या दोघांहून निराळा असतो. या सर्वांच्या हक्कांचा आणि सुरक्षिततेचा मेळ घालण्याचे साधन म्हणजे परवानगी. प्रस्तुत लेखात या परवानगीचा कायदेशीर पाया, तिच्यामागील तांत्रिक कारणे आणि तिची प्रत्यक्ष वाटचाल यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

खांबाचा आधार कशासाठी?

फायबर केबलमध्ये काचेचे अत्यंत बारीक तंतू असतात. अशा एका तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा सुमारे आठवा भाग इतका असतो. त्यातून वीज वाहत नाही, तर प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने संदेश वाहतो. जवळच्या विद्युतवाहिनीमुळे तांब्याच्या दूरध्वनी तारेत जो खरखराट उत्पन्न होत असे, तो या तंतूत होत नाही. म्हणूनच विजेच्या तारांच्या सोबतीने तो नेता येतो. उच्चदाब पारेषणाच्या मनोऱ्यांवर तर सर्वांत वरच्या भूसंपर्कित तारेच्या पोटातच फायबर घालण्याची पद्धत रूढ आहे.

जमिनीखालून केबल नेणे हा अधिक टिकाऊ मार्ग होय. ग्रामपंचायती जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेत त्यासाठी १.६५ मीटर खोलीचा चर हे प्रमाण मानण्यात आले. काळ्या मातीच्या सपाट प्रदेशात असा चर खणणे फारसे अवघड नाही. परंतु सह्याद्रीच्या कातळात, कोकणातील जांभ्यात, मेळघाटाच्या चढउतारांवर किंवा गडचिरोलीच्या वनक्षेत्रात तेच काम खर्चाचे आणि वेळखाऊ होते. शिवाय, रस्ता फोडला की तो पूर्ववत करून देण्याचा प्रश्न उभा राहतो. खांबावरून जाणारी केबल या अडचणी पुष्कळ अंशी टाळते.

केंद्र शासनाने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. २०१७ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात भूमिगत केबलच्या जोडीला विजेच्या खांबांवरून जाणाऱ्या केबलचाही स्वीकार करण्यात आला. आंध्र प्रदेशाने याच पद्धतीने वीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे जाळे खांबांवरून उभारले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महाआयटी या शासकीय महामंडळामार्फत 'महानेट' या नावाने हाती घेण्यात आले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. यापुढील काळात खांबांचा प्रश्न वारंवार उपस्थित होणार, हे यावरून ध्यानात येईल.

मार्गाधिकाराचा कायदा

दुसऱ्याच्या मिळकतीवरून, मालकी न घेता, तार नेण्याच्या हक्कास मार्गाधिकार म्हणतात. आपल्या देशात त्याचा पाया १८८५ च्या भारतीय तार कायद्याने घातला. त्या कायद्याच्या दहाव्या कलमाने तार खात्याला कोणत्याही स्थावर मिळकतीवरून, तिच्या खालून किंवा कडेने तार नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार दिला. मात्र हा अधिकार केवळ वापरापुरता आहे, त्यामुळे मिळकतीत अन्य कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, असेही त्याच कलमात स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ अन्वये, विजेच्या वाहिन्या उभारणाऱ्या संस्थेस तार कायद्यातील हेच अधिकार शासन बहाल करू शकते. म्हणजे विजेच्या तारांना वाट मिळवून देण्यासाठी तारायंत्राच्या कायद्याचा आधार घेतला गेला, आणि आज संदेशवहनाची केबल विजेच्या खांबाचा आधार मागत आहे. या दोन सेवांचे नाते असे जुने आणि परस्परावलंबी आहे.

दूरसंचार सेवांचा विस्तार होऊ लागला, तसतसे प्रत्येक नगरपालिकेचे आणि प्रत्येक खात्याचे निराळे नियम व निराळे दर अडथळा ठरू लागले. त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे स्वतंत्र नियम प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने विजेचे खांब, पथदिव्यांचे खांब, वाहतूक दिव्यांचे खांब आदींचा 'स्ट्रीट फर्निचर' या संज्ञेखाली समावेश करून त्यांच्या वापराची रीत घालून दिली. त्यानंतर संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला. त्यातील मार्गाधिकाराची कलमे २६ जून २०२४ पासून अंमलात आली आणि त्यांखालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

या कायद्यातील तीन तत्त्वे सामान्य वाचकानेही लक्षात ठेवावीत. पहिले, सार्वजनिक संस्थेने मार्गाधिकार देताना एका कंपनीस जवळ आणि दुसरीस दूर असा भेद करावयाचा नाही, किंवा एकीलाच मक्ता द्यावयाचा नाही. दुसरे, अर्ज नाकारावयाचा असेल तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून, लेखी कारणे देऊनच तो नाकारला पाहिजे. तिसरे, निर्णयास मुदत आहे. २०१६ च्या नियमांत ती ६० दिवसांची होती. नव्या नियमांत ती ६७ दिवसांची आहे. मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते.

खांबाची क्षमता

परवानगी देणाऱ्या अभियंत्यापुढे पहिला प्रश्न असतो तो जागेचा. सिमेंट काँक्रीटचा ८ मीटर लांबीचा खांब घेऊ. त्याचा सुमारे दीड मीटर भाग जमिनीत असतो. वर उरतात साडेसहा मीटर. त्याच्या माथ्याकडील भागात लघुदाबाच्या तारा असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार लघुदाबाच्या सर्वांत खालच्या तारेची उंची रस्त्याच्या कडेने ५.५ मीटर, आणि रस्ता ओलांडताना ५.८ मीटर यांहून कमी असता कामा नये. फायबर या तारांच्या खालीच राहिली पाहिजे, आणि दोहोंमध्ये माणसाला निर्धोकपणे काम करता येईल इतके अंतर हवे. अमेरिकेतील विद्युत सुरक्षा संहितेत हे अंतर सामान्यतः ४० इंच, म्हणजे सुमारे एक मीटर धरले आहे.

आता साधा हिशेब करावा. साडेपाच मीटरमधून एक मीटर वजा केला, तर खांबावर केबलला साडेचार मीटरवर जागा मिळते. दोन खांबांच्या मध्ये केबलला झोळ येतो, तो आणखी वजा करावा. त्याखालून उसाची ट्रॉली, कडब्याने भरलेली गाडी आणि एस.टी. बस जावयाची आहे. रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी तर ही अडचण अधिकच वाढते. म्हणूनच कित्येकदा अशा ठिकाणी उंच खांब बसवावा लागतो, किंवा तेवढ्या टप्प्यात केबल जमिनीखालून न्यावी लागते. 'खांबावर जागा नाही' असे अभियंता म्हणतो, तेव्हा ती नेहमीच टाळाटाळ नसते. पुष्कळदा ते गणित असते.

दुसरा प्रश्न भाराचा. केबलच्या वजनापेक्षा तिचा आडवा ताण आणि तिच्यावर आदळणारा वारा यांचा भार महत्त्वाचा असतो. सरळ रांगेतील खांबावर दोन्ही बाजूंचे ताण परस्परांना छेद देतात. परंतु वळणावरच्या आणि शेवटच्या खांबावर ताण एकाच दिशेने येतो. तेथे ताण-तार नसेल, तर खांब झुकू लागतो. दोनशे किलोग्रॅम कार्यभारासाठी बनविलेला खांब आधीच विजेच्या तारांचा भार वाहत असतो. त्यावर एक केबल सहज मावते. पण एकीमागून एक अशा दहा केबलींचा जुडगा वाऱ्यात डोलू लागला, म्हणजे तो भार उपेक्षणीय राहत नाही.

तिसरा प्रश्न विद्युत सुरक्षेचा. काच विजेची वाहक नाही हे खरे. परंतु अनेक केबलींना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते, आणि ती उत्तम वाहक असते. तुटलेली विद्युतवाहिनी अशा तारेवर पडली, तर वीज थेट घराच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकते. या कारणास्तव विद्युतखांबांसाठी धातूविरहित, स्वतःच्या बळावर ताण सोसणारी केबल श्रेयस्कर मानली जाते. पोलादी तार वापरलीच तर तिचे अर्थिंग करणे अगत्याचे ठरते. ही दक्षता नवी नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, वीज आणि दूरध्वनी यांच्या तारा एकाच खांबावर न्यावयाच्या असल्यास दूरध्वनीच्या तारेची तुटण्याची क्षमता किमान २७० किलोग्रॅम असावी, असा दंडक होता.

अर्जाची वाटचाल

अर्जदाराने प्रथम स्वतःची पात्रता तपासावी. दूरसंचार जाळे उभारण्याचा केंद्र शासनाचा परवाना किंवा प्राधिकार ज्याच्यापाशी आहे, त्यालाच मार्गाधिकार मागता येतो. केबल दूरचित्रवाणीची नोंदणी झाली, म्हणजे विजेच्या खांबाचा वापर आपोआप मिळाला, हा समज चुकीचा आहे.

त्यानंतर खांब कोणाचा हे निश्चित करावे. एकाच रस्त्यावरील काही खांब वितरण कंपनीचे, काही नगरपालिकेच्या पथदिव्यांचे, तर काही दूरसंचार कंपनीचे असू शकतात. मुंबईत तर भागाभागाने वितरक बदलतो. रेल्वेमार्ग, राष्ट्रीय महामार्ग किंवा वनक्षेत्र ओलांडावयाचे असल्यास त्या त्या यंत्रणेची स्वतंत्र संमती लागते. खांबाच्या मालकाची परवानगी तिची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी पायरी पाहणीची. संपूर्ण मार्गावर पायी फिरून प्रत्येक खांबास क्रमांक द्यावा. खांबाचा प्रकार, उंची, त्यावरील तारांचा दाब, आधीच्या केबली, झुकाव, तडे, गंज, ताण-तार आणि पुढच्या खांबापर्यंतचे अंतर यांची नोंद करावी. रोहित्राचे खांब आणि स्विचचे खांब वेगळे दाखवावेत. तेथे कर्मचाऱ्याचा वावर अधिक असल्याने शक्यतो ते टाळणेच बरे. ही यादी चोख असेल तर पुढील निम्मे काम हलके होते. कित्येक अर्ज रखडतात ते कायद्यामुळे नव्हे, तर 'अमुक गाव ते तमुक गाव' एवढ्याच मोघम वर्णनामुळे.

चौथी पायरी प्रत्यक्ष अर्जाची. केंद्र शासनाने १४ मे २०२२ रोजी 'गतिशक्ती संचार' हे संकेतस्थळ मार्गाधिकाराच्या अर्जांसाठी सुरू केले. परवान्याची प्रत, मार्गाचा नकाशा, केबलचा तपशील, कामाची रीत व कालावधी, जनतेची गैरसोय टाळण्याची योजना आणि बांधणीच्या मजबुतीविषयी अभियंत्याचे प्रमाणपत्र यांसह अर्ज परिपूर्ण असावा. त्रुटी निघाली की पत्रव्यवहार वाढतो आणि काम लांबणीवर पडते.

पाचवी पायरी संयुक्त पाहणी आणि पूर्वतयारी यांची. वितरण कंपनीचा अभियंता आणि अर्जदाराचा प्रतिनिधी यांनी एकत्र फिरून कोणता खांब जसाच्या तसा चालेल, कोठे ताण-तार हवी आणि कोणता खांब बदलावा लागेल, हे ठरवावे. येथेच बहुधा मतभेद होतात. खांब मुळातच जीर्ण असेल, तर नव्या खांबाचा खर्च कोणी सोसावा? अमेरिकेत १९७८ साली खांबवापराच्या दरांचे नियमन करणारा कायदा झाला, तरीही हा वाद तेथे अद्याप पुरता मिटलेला नाही. पूर्वतयारीत महिनोन्महिने जात असल्याने तेथील दूरसंचार आयोगाने २०१८ साली साधी पूर्वतयारी नव्या अर्जदारानेच, मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून, एकाच फेरीत करून घेण्यास मुभा दिली. यावरून घ्यावयाचा बोध एवढाच, की खर्चाची वाटणी काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावी.

दोन प्रकारची 'परमिटे'

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वीज खात्यातील कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात 'परमिट' या शब्दाला एक निराळा अर्थ आहे. वाहिनीवर काम करण्यापूर्वी पुरवठा बंद केला आहे आणि तो आपण सांगेपर्यंत पुन्हा सुरू होणार नाही, याची जी नोंदबद्ध हमी घ्यावी लागते, तिला ते परमिट म्हणतात. परमिट घेतल्यावरही वाहिनीत वीज नाही याची खात्री करून, ती भूसंपर्कित करूनच खांबावर चढावयाचे असते.

मार्गाधिकाराची परवानगी वर्षानुवर्षांची असते. हे परमिट त्या दिवसाचे, त्या तासांचे असते. पहिली हाती आहे म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. ६७ दिवस उलटल्याने परवानगी मिळाली असे मानले गेले, तरी जिवंत वाहिनीच्या खांबावर कोणास न कळविता माणूस चढविण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. कंत्राटदाराच्या नवख्या मजुरांना ही गोष्ट त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षात ज्या खांबांवरून केबल गेली त्यांचा नकाशा खांबमालकास द्यावा, आणि केबल कोणाची हे खांबावर उभ्या माणसाला वाचता येईल अशी पट्टी ठरावीक अंतरावर लावावी. बेवारस केबल कापली जाते. नाव असलेल्या केबलविषयी निदान दूरध्वनी केला जातो.

मोबदला आणि वीजग्राहक

२०२२ च्या दुरुस्तीत केबल नेण्यासाठी अशा खांबाच्या वापराचा मोबदला दर खांबास दर वर्षी १०० रुपये असा ठेवण्यात आला. दोन खांबांत ५० मीटर अंतर धरले, तर दहा किलोमीटरच्या मार्गात सुमारे २०० खांब येतात. या दराने वर्षाचा मोबदला २० हजार रुपये होतो. दहा किलोमीटर लांबीचा, १.६५ मीटर खोलीचा चर खणण्याच्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहिली, म्हणजे खांबांचे आकर्षण का आहे हे कळून येते.

या पैशात सामान्य वीजग्राहकाचाही वाटा आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. खांबांचा खर्च ग्राहकांच्या बिलांतूनच भागतो. म्हणून विद्युत अधिनियमाच्या कलम ५१ मध्ये अशी तरतूद आहे, की वितरण कंपनीने आपल्या मालमत्तेचा अधिक उपयोग करण्यासाठी अन्य व्यवसाय करावयाचा झाल्यास राज्य विद्युत नियामक आयोगास आधी कळवावे, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा आणि त्या उत्पन्नाचा ठरावीक भाग वीज वहनाचे आकार कमी करण्यासाठी वापरावा. यास्तव परवानगीविना खांबावर चढलेली प्रत्येक केबल ही केवळ कंपनीचे नव्हे, तर बिल भरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे येणे बुडविते.

परवानगी टाळण्याची किंमत

शहरांतील अनेक चौकांत खांबांवर लोंबणारी केबलींची जाळी आपण पाहतो. त्यांतील कित्येक केबलींचा मालक कोण हे सांगता येत नाही, आणि कित्येक तर वापरातही नसतात. वीजपुरवठा खंडित झाला असता पावसात खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याला या गुंत्यातून वाट काढावी लागते. पाय ठेवण्यास जागा नसते, आणि हाताला लागलेली तार निर्जीव आहे की नाही याची शाश्वती नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात जन्माष्टमीच्या शोभायात्रेतील रथास विजेचा स्पर्श होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील वीज कंपनीने शहरातील खांबांवरील केबली उतरविण्याची मोहीम हाती घेतली, आणि अनेक घरांचे व कार्यालयांचे इंटरनेट बंद पडले. खांबांची शिस्त वेळीच राखली नाही, तर प्रथम सुरक्षितता धोक्यात येते आणि मागाहून सेवाही जाते.

निसर्गाच्या आपत्तीतही हीच गोष्ट अनुभवास येते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. खांब पडला की त्याच्यावरील केबलही पडते. नेमक्या ज्या वेळी संदेशवहनाची गरज सर्वाधिक असते, त्या वेळी वीज आणि संपर्क दोन्ही एकदम तुटतात. म्हणून किनारपट्टीच्या तालुक्यांत महत्त्वाच्या कार्यालयांची मुख्य जोडणी जमिनीखालून, आणि वाड्यावस्त्यांच्या शाखा खांबांवरून, अशी विभागणी करणे शहाणपणाचे ठरेल.

समारोप

परवानगी म्हणजे सरकारी कामातील अडथळा, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. विलंब होतो तेथे ती अगदीच निराधार असते असेही नाही. म्हणूनच कायद्याने मुदत घातली आहे आणि नकाराची कारणे देण्याचे बंधन ठेवले आहे. खांबमालक संस्थांनी या मुदतीचा मान राखला पाहिजे. परंतु अर्जदारानेही हे ओळखावे, की खांबांच्या यादीतील प्रत्येक रकान्यामागे एखाद्या कर्मचाऱ्याचा जीव, एखाद्या रस्त्याची वर्दळ आणि हजारो ग्राहकांचा पैसा उभा आहे.

ग्रामपंचायतींना या कामी बरेच काही करता येण्यासारखे आहे. आपल्या हद्दीतील झुकलेले खांब, लोंबत्या केबली आणि निनावी तारा यांची माहिती त्यांनी वितरण कंपनीस वेळोवेळी कळवावी. फायबरचे काम येऊ घातले असता संयुक्त पाहणीच्या वेळी गावातील माहितगार माणूस सोबत द्यावा. गावच्या शाळेत पोहोचणारी केबल अनेक वर्षे टिकावयाची असेल, तर ती ज्या खांबावरून येते त्याच्या सुरक्षिततेची काळजी पहिल्या दिवसापासूनच घेतली गेली पाहिजे.